आकड्याला मागचा आकडा लागतो

तळपायावर काळा डाग दिसला की आपल्याकडे पहिला विचार काट्याचा येतो. काटा मोडला असेल, कुरूप असेल. अंगठ्याचे नख काळे पडले तर ठेच लागली असेल, चिघळले तर नखुरडे असेल. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, आमच्या कुंभार पिंपळगावच्या शिवारात, उसाच्या आणि कपाशीच्या रानात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे अंदाज बहुतेक वेळा खरे ठरतात. क्वचित ठरत नाहीत, आणि तो डाग मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या सर्वांत घातक कर्करोगाचा निघतो. गोऱ्या कातडीच्या लोकांत हा रोग उन्हाशी जोडलेला आहे. आपल्याकडे तो विरळ, आणि होतो तेव्हा बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपायावर, तळहातावर, नखाखाली.

'रक्त तपासून कळणार नाही का?' हा प्रश्न घरोघर विचारला जातो. तो रास्त आहे आणि जुनाही आहे. मेलॅनोमा अंगभर पसरलेल्या काही रोग्यांची लघवी हवेत ठेवली की काळी पडते, हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी पाहिले होते. १८८७ साली थोर्मेलेन यांनी त्यासाठी रासायनिक चाचणीही बसवली. खूण खरी होती, पण ती दिसेपर्यंत रोग फार पुढे गेलेला असे. १८६९ साली मेलबर्नमध्ये थॉमस ॲशवर्थ यांना एका मृत रोग्याच्या रक्तात त्याच्या गाठींतल्या पेशींसारख्याच पेशी दिसल्या. १९४८ साली, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याच साली, फ्रान्समध्ये मांदेल आणि मेते यांनी माणसाच्या रक्तद्रवात पेशींबाहेर फिरणारा डीएनए दाखवून दिला. त्या शोधाकडे कित्येक वर्षे फारसे कुणी वळून पाहिले नाही. गाठीतून सुटलेला डीएनए रक्तात मोजण्याच्या आजच्या महागड्या चाचण्यांचे मूळ तिथे आहे.

प्रत्यक्ष वापरात मात्र एक साधी, स्वस्त चाचणी टिकली. तिचे नाव एलडीएच. साखर मोडून ऊर्जा काढण्याच्या कामातले हे एक विकर आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. भराभर वाढणाऱ्या गाठीतल्या पेशी मरतात, फुटतात आणि ते रक्तात सांडते. मेलॅनोमाचे टप्पे ठरवण्याची जी अमेरिकी पद्धत जगभर वापरली जाते, तिच्या २००२ सालच्या आवृत्तीत दूर पसरलेल्या रोगासाठी या आकड्याला स्थान मिळाले. आजही त्या टप्पेवारीत रक्तातली हीच एक खूण आहे. दुसरी खूण एस-१००. १९६५ साली गाईबैलांच्या मेंदूतून वेगळे काढलेले हे प्रथिन अमोनियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणात शंभर टक्के विरघळते, म्हणून त्याचे हे नाव. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधले डॉक्टर त्याचा आधार घेतात, इतरत्र तितकासा घेतला जात नाही.

या खुणांचा उपयोग आहे तरी कधी? रोग शोधायला नाही. एलडीएच यकृताच्या दुखण्यात वाढते, मलेरियात वाढते, दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाच्या स्नायूंतूनही थोडे रक्तात येते. तांबड्या पेशींत ते कैक पटींनी जास्त असते. म्हणून गावात काढलेले रक्त उन्हात, मोटारसायकलच्या डिकीत हिंदकळत तालुक्याला किंवा जालन्याला गेले, तर वाटेत पेशी फुटून आकडा चढतो आणि घरात उगाच रडारड होते. उलट, आकडा ठीक आला म्हणजे रोग नाही, असेही नाही. लहान गाठ वेळेत काढली असेल, तर पुढच्या तपासण्यांत डॉक्टरचे डोळे आणि जांघेतल्या, काखेतल्या गाठी चाचपणारी बोटे अधिक कामाची. ॲलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून रोगाचा पुढचा अंदाज बांधता येतो हे दाखवले. बायॉप्सीच्या कागदावरचा तो एक आकडा अजूनही अशा रोग्याबद्दल रक्तापेक्षा जास्त सांगतो.

रोग पसरल्यावर मात्र रक्ताला किंमत येते, तीही अलीकडे. २०११ पूर्वी पसरलेल्या मेलॅनोमावर परिणामकारक औषध जवळपास नव्हते. आकडा चढतोय हे कळून डॉक्टरला करण्यासारखे थोडेच होते. त्या वर्षी शरीराच्या प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणारे पहिले औषध आले, आणि बीआरएएफ या जनुकातल्या बिघाडावर नेमके काम करणारेही. या उपचारात उतरता आकडा धीर देतो, चढता आकडा स्कॅन लवकर करायला लावतो. पण उतरता किंवा चढता म्हणायला मागचा आकडा हवा. तो शक्यतो त्याच प्रयोगशाळेतला हवा, कारण प्रत्येक ठिकाणची पद्धत आणि मर्यादा निराळी. सुटा आकडा मुका असतो.

आमच्या मते कुंभार पिंपळगावचा खरा प्रश्न इथे आहे. एलडीएच मोजण्याचे यंत्र आता दुर्मीळ राहिलेले नाही. दुर्मीळ आहे तो मागचा कागद. पहिली पट्टी गावातल्या डॉक्टरकडे, छेद घनसावंगी किंवा जालन्यात, उपचार छत्रपती संभाजीनगरात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात, आणि कागद चार पिशव्यांत. त्यात कुटुंब ऊसतोडीला निघाले की पाच-सहा महिने फडावरच्या कोपीत मुक्काम. तीन महिन्यांनी दाखवायला या, असे सांगणाऱ्या डॉक्टरचे कॅलेंडर आणि मुकादमाची उचल यांचा मेळ बसत नाही. २०२१ पासून आभा नावाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळू लागला आहे, पण क्रमांकाला जुने अहवाल कुणीतरी जोडावे लागतात.

महाराष्ट्राने नोंदींचे मोल जगाला दाखवले आहे, म्हणून हे जास्त खटकते. टाटा रुग्णालयाचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली लिहिलेल्या निबंधात कमरेला करकचून बांधलेल्या धोतराच्या काठाखाली होणारा त्वचेचा कर्करोग वर्णन केला. रोग्याच्या कमरेवरचा वळ आणि त्याचा पेहराव कुणीतरी लिहून ठेवला, म्हणून तो सापडला. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी तसाच कर्करोग दोन स्त्रियांत नोंदवला. त्यांपैकी एकीला तो नऊवारी लुगड्याच्या घट्ट गाठीखाली झाला होता आणि जांघेत पोचला होता. या जातीच्या त्वचाकर्करोगासाठी रोजच्या वापरातली रक्ताची खूणच नाही. तिथे नुसता डोळा आणि नोंद. मुंबईत १९६३ साली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली, औरंगाबादेत १९७८ साली. आणि १९८७ साली बार्शीत पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांच्या गावोगाव कार्यकर्ते फिरले, घरोघर विचारत राहिले. परांडा आणि भूम मराठवाड्यातलेच तालुके आहेत. तिथे जमले ते घनसावंगीत जमणार नाही, असे मानायला कारण नाही.

जांब समर्थ इथून जवळच. १६०८ साली तिथे जन्मलेल्या रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेसाठी स्वतंत्र समास ठेवला आहे. अक्षर कसे असावे, कागद-शाई कशी असावी, पोथी पुष्कळ वर्षे टिकेल अशी कशी राखावी, इतक्या बारकाईने ते सांगतात. औषधोपचाराच्या कागदाला ही काळजी अजून आपण लावलेली नाही.

जिल्हा परिषदेने आणि आरोग्य खात्याने घनसावंगीच्या ग्रामीण रुग्णालयात कर्करोगातून उठलेल्या रुग्णांसाठी महिन्यातला एक ठरलेला दिवस ठेवावा. रक्त तिथेच काढावे, तासाभरात वेगळे करून थंड पेटीतून पाठवावे, आणि प्रत्येकाची एक वही तिथे राहावी, जिची प्रत रुग्णाबरोबर फडावरही जाईल. यासाठी नवे यंत्र लागत नाही.

आणि वाचकांनो, घरात कुणाची अशी गाठ काढलेली असेल, तर आज संध्याकाळी तिचे सगळे कागद शोधा. बायॉप्सीचा अहवाल सर्वांत वर ठेवा, बाकीचे तारखेप्रमाणे लावा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे तोच गठ्ठा घेऊन जा.