माडिया लेकराने रडावे कोणत्या भाषेत?

भामरागड-एटापल्लीच्या अरण्यातील सहा-सात वर्षांचे माडिया लेकरू आश्रमशाळेत दाखल होते, तेव्हा घरासोबत त्याची भाषाही सुटते. भय, रुसवा, घरची ओढ यांना त्याच्याजवळ शब्द असतात. ते समजणारे मोठे माणूस वसतिगृहात बहुधा नसते. मग मूल गप्प होते आणि त्या गप्पपणाला आपण शिस्त म्हणतो!

भावनांचा आवेग आवरणे उपदेशाने साधत नाही. बिथरलेल्या मुलाला जवळ घेऊन त्याच्याच बोलीत बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या धीरातून ते अंगी बाणते. हा आधार वारंवार हुकला, तर पौगंडावस्थेत चिंता, औदासीन्य, अनावर संताप यांचा धोका वाढतो. गोटुलात पोरवयाला गावाचे वळण लागे. शहरी लेखकांना तेथे केवळ नाचगाणे दिसले.

या गावांनी चकमकी आणि ‘खबरी’ ठरवून केलेल्या हत्या पाहिल्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती व त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, म्हणून मुलांच्या मनातील धास्ती ओसरली असे नव्हे. शासनाची ‘टेलि-मानस’ दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. पण आठ वर्षांचे मूल १४४१६ फिरवणार कसे?

प्रत्येक वसतिगृहात, आपल्या कार्यकर्त्यांच्याही, माडिया बोलणारी गावातील एखादी मावशी नेमावी. पदवी नसली तरी चालेल. तिचे वेतन वार्षिक समारंभाच्या मांडवखर्चातूनही निघेल.