मान्यतेचा शिक्का आणि देखरेखीचे दप्तर

काशीच्या दुर्गाघाटाला लागून ब्रह्माघाट आहे. या घाटावरची आणि मागच्या गल्ल्यांतील मराठी वस्ती पेशवाईपासूनची. गौड सारस्वतांचा काशी मठ याच घाटावर आहे. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या पट्ट्यात आजही वेदपठणाच्या पाठशाळा चालतात आणि महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून आठ-दहा वर्षांची मुले तेथे शिकायला येतात. बहुतेक घरे गरीब भिक्षुकांची असतात. एका मुलाच्या जेवणाची व विद्येची सोय झाली या समाधानात आईबाप त्याला गाडीत बसवून देतात. या मुलांना कोण शिकवतो, हे गल्लीतील कोणीही सांगेल. पण त्यांच्या शिक्षणाची व प्रकृतीची पाहणी करण्याची कायदेशीर जबाबदारी कोणत्या सार्वजनिक संस्थेची आहे, असे विचारले तर गल्लीतच नव्हे, लखनौच्या सचिवालयातही सरळ उत्तर मिळणे कठीण आहे.

हा प्रश्न केवळ पाठशाळांचा नाही. खाजगी व्यवस्थापनाने शाळा चालवायची आणि सार्वजनिक संस्थेने तिला मान्यता, अनुदान किंवा जागा द्यायची, हा व्यवहार आपल्या देशात जुना आहे आणि अलीकडे त्याचा झपाट्याने विस्तार होत आहे. त्यावरील चर्चा मात्र नेहमी शाळेभोवतीच फिरते: निकाल किती लागला, फी किती घेतली, इमारत कशी आहे. मान्यता देणाऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक मान्यता देणे हे एका दिवसाचे काम आहे आणि देखरेख हे वर्षानुवर्षांचे. पहिल्यासाठी एक सही पुरते. दुसऱ्यासाठी माणसे, प्रवासखर्च, अधिकार आणि दप्तर लागते. हे सर्व न पुरवता मान्यतेचा अधिकार तेवढा वाटला तर त्याचा फायदा कोणाला होतो, हे पाहण्यासाठी काशी सोडून फार दूर जावे लागत नाही.

1791 मध्ये कंपनी सरकारचा बनारस येथील रेसिडेंट जोनाथन डंकन याने तेथे संस्कृत पाठशाळा स्थापन केली. आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय हे तिचेच रूप. पहिल्या वर्षी 14,000 आणि पुढे दरसाल 20,000 रुपये खर्च मंजूर झाला. हा पैसा अर्थातच बनारस प्रांताच्या महसुलातला, म्हणजे शेवटी शेतकऱ्याच्या घामाचा होता. कारभार पंडितांच्या हाती दिला गेला. वैद्यकाचा अध्यापक सोडून बाकी सारे अध्यापक ब्राह्मणच असावेत, असा नियम झाला. देखरेखीचीही तरतूद होती: वर्षातून चार वेळा रेसिडेंटसमोर विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायची. पण त्याच नियमात एक पळवाट ठेवली होती. ब्राह्मणेतरांसमोर ज्यांची चर्चा करता येत नाही इतके जे विषय पवित्र मानले जातात, त्यांना परीक्षेतून सूट होती. पैसा सर्वांचा, प्रवेश एका वर्णाचा आणि तपासणी अर्ध्याच विषयांची, असा हा करार होता.

1795 मध्ये डंकन मुंबईचा गव्हर्नर होऊन निघून गेला. मागे पाठशाळेच्या कारभाराबद्दल तक्रारी वाढत गेल्या आणि 1801 मध्ये पहिले मुख्याध्यापक काशिनाथ पंडित यांना पैशाच्या अफरातफरीच्या आरोपावरून दूर करावे लागले. एका पंडिताच्या लोभाची ही गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहणे अधिक उपयोगाचे आहे. सारी देखरेख एका रेसिडेंटच्या व्यक्तिगत आस्थेवर उभी होती. ना कायम कचेरी होती, ना स्वतंत्र तपासनीस, ना शहरातील लोकांना हिशेब विचारण्याचा हक्क. आस्था असलेला माणूस मुंबईला गेला आणि त्याच्यामागे व्यवस्था म्हणावे असे काहीच उरले नाही.

आता दोनशे दहा वर्षे पुढे येऊन महाराष्ट्रात पाहू. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभरातील शाळांची पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून मोजणी करावी लागली, कारण एकच मूल दोन-तीन शाळांच्या पटावर दाखवले जात होते. लक्षावधी नावे केवळ कागदावर असल्याचे उघडकीस आले. या नावांवर शिक्षकपदे मंजूर होत होती, अनुदान उचलले जात होते, पोषण आहाराचा तांदूळही निघत होता. शाळा बव्हंशी खाजगी संस्थांच्या असोत की स्थानिक संस्थांच्या, प्रत्येक पटावर कोणा ना कोणा अधिकाऱ्याची सही वर्षानुवर्षे होत होती. तीन दिवसांच्या मोहिमेत जे दिसले ते एरवी का दिसत नव्हते, याचे साधे उत्तर असे की, एरवी पाहायला कोणी जातच नव्हते, किंवा जाणाऱ्याने न पाहण्याची किंमत घेतलेली होती.

ही दुसरी शक्यता 2025 मध्ये नागपूर विभागातील शालार्थ प्रकरणाने ठळक केली. बोगस नेमणुकांना शालार्थ ओळखक्रमांक देऊन शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून काढले गेल्याच्या आरोपांवरून शिक्षण खात्यातीलच अधिकाऱ्यांना अटक झाली आणि विशेष तपास पथक नेमावे लागले. म्हणजे नुसते अधिकारी नेमून भागत नाही. तपासणाऱ्याचे दप्तरही लोकांसमोर उघडे असावे लागते.

यावर एक ठरावीक प्रतिवाद ऐकू येतो. सरकारी देखरेख म्हणजे ‘इन्स्पेक्टर राज’, ती शाळांचा गळा घोटते, बाजाराला त्याचे काम करू द्यावे, पालक वाईट शाळा आपोआप सोडून देतील. ही मंडळी दाखल्यासाठी नेहमी अमेरिकेकडे बोट दाखवतात. तेव्हा अमेरिकेतील अनुभवही तपासून पाहिला पाहिजे.

तेथे 1991 मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला ‘चार्टर’ शाळांचा कायदा केला. चार्टर म्हणजे सनद. सार्वजनिक पैशावर, पण स्वतंत्र व्यवस्थापनाने, ठरावीक मुदतीच्या सनदेवर शाळा चालवायची. उद्दिष्टे पुरी झाली नाहीत तर सनद रद्द करायची. ही सनद देणाऱ्या आणि देखरेख करणाऱ्या संस्थांमध्ये संख्येने सर्वांत जास्त आहेत ते स्थानिक शिक्षण जिल्हे, म्हणजे आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शिक्षण मंडळासारख्या निवडून आलेल्या संस्था. त्यांतील पुष्कळ जिल्हे अगदी लहान आहेत. ज्यांच्या कचेरीत स्वतःच्या दोन शाळा सांभाळण्यापुरतीच माणसे, त्यांच्यावर लाखो डॉलरचा व्यवहार करणाऱ्या सनदी शाळेचे हिशेब तपासण्याचे काम येऊन पडते.

याचा परिणाम कॅलिफोर्नियात दिसला. मे 2019 मध्ये सॅन डिएगो परगण्याच्या सरकारी वकिलांनी ‘ए थ्री’ नावाच्या सनदी शाळांच्या जाळ्याविरुद्ध खटला भरला. 19 शाळा आणि 11 आरोपी. या ऑनलाइन शाळांनी राज्याकडून सुमारे 40 कोटी डॉलर घेतले होते. उन्हाळी खेळांच्या शिबिरांत आलेल्या मुलांची नावे त्यांना पत्ताही न लागू देता पटावर चढवली होती. आपल्याकडील बोगस पटाचे हे सख्खे भावंडच. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढे आहे. अशा शाळांना सनदा देणाऱ्यांत जेमतेम एक शाळा चालवणारा देहेसा नावाचा चिमुकला शिक्षण जिल्हा होता आणि त्याचा अधीक्षकही आरोपींत होता. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार सनद देणाऱ्या जिल्ह्याला शाळेच्या उत्पन्नाचा ठरावीक टक्का देखरेख-शुल्क म्हणून मिळतो. शाळेचा पट फुगला की पाहणाऱ्याचे उत्पन्नही फुगते. तपासनिसाचा पगार तपासणीच्या विषयातूनच निघू लागला की तपासणीचे काय होते, हे तालुक्याच्या कचेरीत एक चक्कर टाकलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

या प्रकरणातून सनद देण्याचे अधिकार स्थानिक संस्थांकडून काढून वर न्यावेत, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा आहे. जिल्ह्याला चाप लावण्यापेक्षा त्याला बळ देण्याची गरज आहे: शुल्कावर अवलंबून नसलेला निधी, हिशेब वाचू शकणारी माणसे, लहान संस्थांना मिळून वापरता येईल असा तपासणी-विभाग, आणि सनद नाकारण्याचा खराखुरा अधिकार. अधिकार वर नेल्याने काय साधते याचे उत्तर उत्तर प्रदेशानेच देऊन ठेवले आहे. 1972 च्या बेसिक शिक्षा अधिनियमाने नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळा राज्याच्या परिषदेकडे गेल्या. काशीच्या नागरिकाने निवडून दिलेल्या नगरसेवकाला आपल्या प्रभागातील शाळेबद्दल बोलण्याचा आधारच उरला नाही. पन्नास वर्षांनंतर, 16 जून 2025 रोजी, कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळांना जोडण्याचा आदेश लखनौहून निघाला. कोणत्याही गावाला आधी विचारले गेले नव्हते. गावकऱ्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा कुठे सरकारने काही अटी सैल केल्या.

महाराष्ट्रात शाळा अजून जिल्हा परिषदा व महापालिकांकडे आहेत, पण पोखरणे चालूच आहे. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने नव्या खाजगी शाळेला परवानगी देण्याचा निर्णय राज्य सरकारच्या हाती गेला. दहा-दहा शाळांची चौकशी करणाऱ्या केंद्रप्रमुखांची दोन हजारांहून अधिक पदे भरायची म्हणून 2023 मध्ये जाहिरात निघाली आणि परीक्षा पुढे ढकलली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘दत्तक शाळा’ योजना मात्र तत्परतेने आली: ग्रामीण शाळेला 50 लाखांच्या वस्तू व सेवा द्या, आपले नाव पाच वर्षे शाळेच्या नावाला जोडा, एक कोटी दिल्यास दहा वर्षे. पाहणारा नेमायला पैसा नाही, पाटी रंगवणाऱ्यासाठी दरपत्रक तयार आहे. त्या काळात मुंबई महापालिकेत शिक्षण समितीच नव्हती, कारण मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यापासून जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच झाली नाही. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या शाळांविषयी जाब विचारायला जवळजवळ चार वर्षे एकही निवडून आलेला सभासद सभागृहात नव्हता.

स्थानिक संस्था म्हणजे सद्गुणांचा पुतळा, असे मानण्याचे मात्र कारण नाही. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात या बाबतीत अत्यंत व्यवहारी भूमिका घेतली होती. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, परंतु व्यवस्थापन सर्वस्वी त्यांच्या स्वाधीन करू नये. त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असे त्यांचे म्हणणे होते. नगरपालिकांत तेव्हा कोणत्या वर्गाची माणसे बसत होती हे त्यांना पुरते ठाऊक होते. स्थानिक संस्था जवळून पाहील आणि वरची संस्था तिच्याकडे पाहील, अशी ही दुहेरी योजना. आज दोन्ही नजरा क्षीण झाल्या आहेत.

ब्रह्माघाटापुरते बोलायचे तर तिथे त्या कायद्यानेच मिटवल्या आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास एक लाखापर्यंत दंड, तक्रारीचा निकाल स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत देणे, अशा तरतुदी त्यात आहेत. पण 2012 च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था यांना तो लागू होणार नाही असे ठरले. डंकनच्या नियमातील ‘पवित्र विषयांची सूट’ जणू नव्या अक्षरांत परत आली. यात सरकारचा न्यायही एकेरी. 2022 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने मान्यता नसलेल्या मदरशांची पाहणी करण्याचा हुकूम काढला, तो मदरशांपुरताच होता. 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदरसा कायद्याची मुख्य चौकट कायम ठेवताना, शिक्षणाच्या दर्जावर नियमन करण्याचा राज्याला अधिकार आहे, हे स्पष्ट केले. तो अधिकार एका धर्माच्या मुलांसाठी शिक्षा आणि दुसऱ्या धर्माच्या मुलांसाठी उपेक्षा म्हणून वापरला गेला तर दोन्हीकडे नुकसान मुलांचेच.

उज्जैनचे महर्षी सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान पाठशाळांना अनुदान देते, हे खरे. 2022 पासून त्याच्या मंडळाच्या परीक्षांना दहावी-बारावीची समकक्षताही मिळाली आणि अभ्यासक्रमात गणित, विज्ञान, इंग्रजी आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु उज्जैनहून परीक्षेचा पेपर येतो. मुलगा रात्री कोठे झोपतो, आजारी पडला तर वैद्याकडे कोण नेतो, गणिताचा शिक्षक खरोखर येतो का, हे पाहणे वाराणसी शहरात बसलेल्या, वाराणसीच्या लोकांना उत्तर देणाऱ्या संस्थेचेच काम आहे. मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातून आलेल्या मुलाचे नाव गावच्या पटावरून स्थलांतरित म्हणून उतरते. ते दुसऱ्या कोणत्याही सार्वजनिक पटावर चढलेच पाहिजे, असे बंधन कोणावर नाही.

2012 ची सूट संसदेने काढून टाकावी, ही मागणी रास्त आहे आणि ती करत राहावे लागेल. तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. त्या कायद्याचे कलम 9 स्थानिक प्राधिकरणावर आपल्या हद्दीत राहणाऱ्या, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवण्याचे बंधन घालते. ही नोंद राहणाऱ्या मुलाची आहे, मूल कोणत्या शाळेत जाते याच्याशी तिचा संबंध नाही. त्यामुळे पाठशाळेला मिळालेली सूट तिच्या आड येऊ नये. वाराणसीच्या नगर निगमाने आणि बेसिक शिक्षा विभागाने ब्रह्माघाट व दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत घरोघर, मठोमठ जाऊन ती नोंद करावी आणि तिची प्रत प्रत्येक मुलाच्या मूळ गावच्या जिल्हा परिषदेला पाठवावी.