आधी एक पाकीट हाताने शिवा!

चामड्याच्या वस्तूंचा धंदा सुरू करावयाचा म्हटला की आपल्याकडील तरुण सर्वप्रथम मशीनची चौकशी करतो. मशीन कितीला पडते, कर्ज कोठून मिळते आणि तयार माल कोण उचलतो, हे तीन प्रश्न त्याच्या ओठांवर तयारच असतात. चामडे कोणते घ्यावे, ते कोठून कापावे, टाका कसा बसतो, हे प्रश्न तो विचारीत नाही. ते सारे कारागीर पाहून घेईल, अशी त्याची समजूत असते. आमच्या मते येथेच पहिली चूक होते. ज्याला स्वतःच्या हाताने एक वस्तू पुरी करता येत नाही, त्याने शंभर वस्तूंचे कर्ज डोक्यावर घेऊ नये.

धारावीचे उदाहरण पाहा. एके काळी तेथे कातडी कमावली जात. कमावण्याचे काम पुढे बाहेर गेले आणि बॅगा, पाकिटे, पट्टे, जाकिटे बनविण्याचे काम राहिले. कमावलेले चामडे चेन्नई, कानपूर, कोलकाता अशा ठिकाणांहून येते. लहानशा गाळ्यात एकजण चामडे कापतो, दुसरा त्याच्या कडा छिलून पातळ करतो, तिसरा सोल्युशन लावून घडी मारतो, चौथा मशीनवर बसतो. या पद्धतीने माल भराभर निघतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सोल्युशन लावणारा मुलगा दहा वर्षांनंतरही सोल्युशनच लावत असतो. पाकिटाच्या एका टप्प्याचा तो मजूर होतो, पाकिटाचा कारागीर होत नाही. ठेकेदाराने काम थांबविले की त्याच्या हातात विकण्याजोगे काहीच उरत नाही.

यावर आमची सूचना साधी आहे. या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मालक होणार असो वा मजूर, आधी एक लहान वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत हाताने करावी. नमुना म्हणून आम्ही एक वेगळीच वस्तू सुचवितो. ती म्हणजे बंदुकीची काडतुसे ठेवण्याचे कमरपट्ट्यात अडकविता येणारे साधे पाकीट.

हीच वस्तू का?

बँकेच्या दारावरील पहारेकरी, रोकड नेणाऱ्या गाडीवरील रक्षक, पीक संरक्षणाचा परवाना असलेला कोकणातील शेतकरी आणि नेमबाजीचा शौकीन यांना अशा पाकिटाचा उपयोग असतो. गिऱ्हाईक फार मोठे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कापडी आणि नायलॉनचे पट्टे स्वस्तात मिळतात व बहुतेकांचे त्यावर भागते. तरीही शिकण्यासाठी ही वस्तू उत्तम, कारण ती फसवू देत नाही. पैशांच्या पाकिटात माप दोन मिलिमीटर चुकले तरी ते खपून जाते. येथे कप्पा सैल झाला तर चालताना काडतूस खाली पडते आणि घट्ट झाला तर वेळेवर निघत नाही. ज्याला हे माप जमले त्याला चष्म्याचे घर, चाव्यांचा बटवा, सुताराच्या हत्यारांची पिशवी यांपैकी काहीही जड जाणार नाही.

एक गोष्ट येथेच बजावून ठेवतो. मापासाठी म्हणून कोणीही खरे काडतूस कामाच्या जागी आणू नये. परवान्याशिवाय काडतूस जवळ बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. त्याची गरजही नाही. सर्रास वापरल्या जाणाऱ्या १२ बोअरच्या काडतुसाचा घेर सर्वत्र सारखा असतो. त्याच्या अंगाचा व्यास सुमारे २०.५ मिलिमीटर आणि मागच्या कडेचा २२ मिलिमीटरहून किंचित जास्त असतो. सुताराकडून या मापाचे सहा लाकडी गुटके कातून घ्यावेत. सारे काम त्यांवर होते.

चामडे आणि हत्यारे

चामडे दोन प्रकारे कमावतात. क्रोमचे चामडे मऊ, लवचीक व झटपट तयार होणारे असते. बॅगा आणि जाकिटे बहुधा त्याचीच होतात. दुसरे बाभळीची साल, हिरडा, तरवड अशा झाडपाल्याने कमावलेले. ते ताठ असते, ओले करून दाबले तर दिलेला आकार धरते आणि त्याच्या कडा घासून गुळगुळीत होतात. आपल्या कामाला हे दुसरे घ्यावे. कप्प्यांसाठी सुमारे १.५ मिलिमीटर जाडीचे व बाहेरच्या अंगासाठी त्याहून थोडे जाड पुरते.

संपूर्ण कातडे घेण्याची नवशिक्याला गरज नाही, तुकडा घ्यावा. मात्र तो पाठीकडचा आहे की पोटाकडचा, हे विचारून घ्यावे. पोटाकडचे चामडे सैल असते व ताणले जाते. स्वस्त म्हणून त्याचे कप्पे केले तर थोड्याच दिवसांत ते ढिले पडतात. खरेदीचे पक्के बिल मागून घ्यावे. महाराष्ट्रात २०१५ साली गोहत्याबंदीचा कायदा बैल आणि वळू यांनाही लागू झाला. म्हशीचे चामडे त्या बंदीत येत नाही. तरी माल कोणता व कोठून आला, याचा कागद दुकानदाराने आपल्याजवळ ठेवणे हेच शहाणपणाचे.

हत्यारेही मोजकीच लागतात. रापी, लोखंडी पट्टी, खुणा करण्यास टोकदार कंपास, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला जाड दोरा, हातोडी आणि खाली घेण्यास लाकडी ठोकळा. रापीला धार लावण्याचा दगड यांत विसरू नये. बोथट रापीने चामडे कापत नाही, फाटते. नवशिक्याचे हातही बोथट रापीनेच अधिक कापतात, कारण तो जोर लावतो.

काम कसे करावे?

प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापावा. चामड्यावर थेट रापी चालविणे ही उधळपट्टी होय. सहा कप्प्यांचे पाकीट असेल तर तळाच्या तुकड्यावर २४-२४ मिलिमीटरवर उभ्या रेघा आखाव्यात. वरची पट्टी प्रत्येक गुटक्यावरून कमानीसारखी जाते, म्हणून ती तळापेक्षा बरीच लांब लागते. २४ मिलिमीटरच्या अंतराला सुमारे ५५ मिलिमीटर पट्टी खर्ची पडते. म्हणजे सहा कप्प्यांना ३३ सेंटिमीटर आणि दोन्ही टोकांना शिलाईपुरती जागा. पण आकड्यावर विसंबू नये. गुटका ठेवून, पट्टी ओढून, प्रत्यक्ष खूण करावी, कारण जाडी बदलली की माप बदलते.

पट्टी पाण्याने दमट करावी, भिजवू नये. गुटक्याभोवती पातळ प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर ती बसवावी आणि एकेक कप्पा शिवत जावे. शिलाई दोन सुयांची असावी. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून काढावयाच्या. छिद्रे सुमारे ४ मिलिमीटरवर कंपासाने आखून मग आरीने पाडावीत. मशीनच्या टाक्यात वरचा व खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिलाई उसवू लागते. हाताच्या दोन सुयांच्या टाक्यात एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी तग धरते. घोड्याचे खोगीर आणि लगाम शिवणारे कारागीर हाच टाका घालीत आले आहेत. ज्या कानपूरच्या खोगिराला भौगोलिक मानांकन मिळाले, ते कानपूर याच कामासाठी प्रसिद्ध आहे.

कप्पे झाले की गुटके आत ठेवूनच सावलीत वाळू द्यावे. उन्हात किंवा चुलीजवळ वाळविलेले चामडे कडक होऊन तडकते. नंतर कप्प्यांचा तुकडा बाहेरच्या अंगावर शिवावा, मागे कमरपट्टा जाईल एवढ्या दोन चिरा पाडाव्यात, झाकणाला टिचबटण लावावे. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी गोल छिद्र पाडावे, नाहीतर चीर पुढे फाटत जाते. शेवटी कडा दमट करून लाकडाने किंवा जाड कापडाने घासाव्यात.

पहिले पाकीट वाकडे होईल. टाके एका ओळीत येणार नाहीत, एखादा कप्पा सैल राहील. ते विकू नये, फेकूही नये. समोर ठेवून दुसरे करावे.

विक्रीतला खरेपणा

या पाकिटाचा एक दोष गिऱ्हाइकाला सांगितलाच पाहिजे. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरातील प्रत्येकाला ठाऊक आहे. चामड्यातही कमावतानाची आम्ले व क्षार उरलेले असतात. ओलावा मिळाला की काडतुसाच्या पितळेवर त्यांनी हिरवी पूड चढते. कोकणच्या पावसाळ्यात तर हे लवकरच घडते. म्हणून हे पाकीट काडतुसे वागविण्यासाठी आहे, महिनोन्महिने साठविण्यासाठी नाही. काम संपले की ती काढून कोरड्या जागी ठेवावीत. एवढे सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्यावे. जे राहील ते पुन्हा येईल.

भावाचेही तसेच. नवा माणूस बाजारातील मशीनच्या मालाकडे पाहून आपला भाव ठरवितो आणि स्वतःची मजुरीच विसरतो. समजा, हात बसल्यावर एका पाकिटास पाच तास लागतात आणि आठ तासांच्या दिवसाची मजुरी ६०० रुपये धरली. तर मजुरीचेच ३७५ रुपये झाले. चामडे, दोरा, बटण व वाया गेलेला तुकडा मिळून २५० रुपये धरले तर ६२५ झाले. जागेचे भाडे आणि नफा अजून यावयाचा आहे. ही वस्तू कोणी ४०० रुपयांस मागितली तर नम्रपणे नाही म्हणावे. शिकताना लागलेले जादा तास मात्र गिऱ्हाइकाच्या माथी मारू नयेत. ती आपल्या शिक्षणाची फी समजावी.

हातकामाला किंमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोल्हापुरी चपलेकडे पाहावे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा आरंभी कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. येथून आक्षेप गेल्यावर कंपनीने या चपलांमागील भारतीय हस्तकलेची परंपरा मान्य केली. म्हणजे किंमत आहे. ती कारागिराच्या हाती पडत नाही, हा प्रश्न आहे. आणि ज्याला संपूर्ण वस्तू करता येते, तोच आपल्या किमतीसाठी भांडू शकतो.

कर्जाला किंवा सरकारी योजनेला आमचा विरोध नाही. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक कामे आहेत व हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्या यादीत चामड्याच्या कामाचा उल्लेख चर्मकार आणि पादत्राणे बनविणारा कारागीर असा आहे. पाकिटे, पट्टे व बॅगा करणाऱ्यांचे नाव तीत स्वतंत्रपणे नाही. ते असावयास हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत अर्ज करण्यापूर्वी आपले काम यादीत बसते काय, याची खात्री करून घ्यावी.

पण योजना येवो न येवो, चामड्याचा तुकडा, एक रापी, एक आरी आणि दोन सुया यांना फार भांडवल लागत नाही. कारखानदारांनीही महिन्यातून एक दिवस आपल्या प्रत्येक मुलाला कापण्यापासून कडा घासण्यापर्यंत एक वस्तू पुरी करू द्यावी. त्या दिवशी माल थोडा कमी निघेल, परंतु गाळ्यात एक कारागीर वाढेल. मशीन नंतरही घेता येते. ज्याने दहा पाकिटे हाताने शिवली आहेत, त्याला मशीन कोणते घ्यावे आणि त्यावर कोण बसवावा, हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही.