सून, लेक, पत्नी आणि बाकीच्या आपण



२०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे निकाल लागले, त्यानंतरच्या पावसाळ्यात नाशिक रोडला आपल्या गटाचं दोन दिवसांचं शिबिर झालं. कळवण-सुरगाण्याकडच्या बाया पहाटेच्या एस. टी.नं आल्या. जेल रोड, विहितगाव, गोरेवाडीच्या बाया घरची कामं उरकून दुपारी पोचल्या. 'स्त्रिया आणि सत्ता' या सत्रात आम्ही महाराष्ट्रातून निवडून आलेल्या महिला खासदारांची नावं फळ्यावर लिहायला घेतली. ४८ जागा, ७ नावं. फळा अर्धासुद्धा भरला नाही.

मागे बसलेली एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, नावापुढे नातंही लिहा ना." लिहिलं. सुप्रिया सुळे, शरद पवारांची लेक. प्रणिती शिंदे, सुशीलकुमार शिंदे यांची लेक. वर्षा गायकवाड, एकनाथ गायकवाडांची लेक. रक्षा खडसे, एकनाथ खडसे यांची सून. प्रतिभा धानोरकर, खासदार बाळू धानोरकरांच्या पत्नी. स्वतः आमदार होत्या, पतीच्या निधनानंतर लोकसभेला उभ्या राहिल्या. स्मिता वाघ यांच्यापुढे काय लिहायचं यावर वाद झाला, कारण त्या विद्यार्थी संघटनेतून वर आल्या आणि त्यांचे पती पक्षाचे जिल्हाध्यक्षही होते. डॉ. शोभा बच्छाव यांच्यापुढची जागा कोरी राहिली. नाशिकचं महापौरपद, आमदारकी, राज्यमंत्रिपद अशी वाट चालून त्या धुळ्यातून अवघ्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या होत्या.

सुरगाण्याकडची एक मावशी इतका वेळ गप्प होती. पाड्यावरची दारू बंद करायला तिनं चार वेळा मार खाल्ला आहे. ती म्हणाली, "म्हंजे आधी घर पाहिजे. आमच्या घरात तर कुणी सरपंचबी न्हाई. मंग आम्ही कुठून यायचं?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. हे संपादकीय म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

नेत्याच्या घरातली बाई राजकारणात आली की आपल्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली हसण्याची. २५ जुलै १९९७ ला राबडीदेवी बिहारच्या मुख्यमंत्री झाल्या, तेव्हा देशभर विनोद झाले ते त्यांच्या चुलीवर आणि शिक्षणावर. खुर्ची घराबाहेर जाऊ द्यायची नाही हा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्या वाट्याला त्या मानानं कमी हसू आलं. आपल्याच जिल्ह्यात २००९ साली छगन भुजबळांचे पुतणे समीर नाशिकचे खासदार झाले आणि चिरंजीव पंकज नांदगावचे आमदार. घराणेशाहीची टीका झाली, ती रास्तच होती. पण त्या दोघांना कुणी 'बाहुला' म्हटलेलं तुम्ही ऐकलं आहे का? पुरुष वारस असतो आणि बाई बाहुली असते, ही भाषा पुरुषप्रधान व्यवस्थेची आहे. तिच्यात आपला सूर मिसळायचं कारण नाही.

दुसरी प्रतिक्रिया टाळ्या वाजवण्याची. बाई निवडून आली, म्हणजे स्त्रियांना सत्ता मिळाली! ही तितकीच फसवी. या दोन्हींच्या मधून नीट पाहायचं असेल तर आपल्याच जिल्ह्यातली एक कारकीर्द समोर ठेवू या.

डॉ. भारती पवार या कळवणचे दिवंगत नेते, माजी मंत्री ए. टी. पवार यांच्या स्नुषा. शिक्षणानं डॉक्टर. आधी जिल्हा परिषद सदस्य. २०१४ मध्ये दिंडोरी या आदिवासी राखीव मतदारसंघातून त्यांना सासऱ्यांच्याच राष्ट्रवादी काँग्रेसनं लोकसभेची उमेदवारी दिली, त्या पडल्या. २०१९ मध्ये त्या पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं. तेव्हा त्यांनी पक्ष सोडला, भाजपमध्ये गेल्या आणि जवळजवळ दोन लाखांच्या फरकानं निवडून आल्या. त्याच वर्षी त्यांचे दीर नितीन पवार राष्ट्रवादीकडून कळवणचे आमदार झाले. म्हणजे एकाच घरात सून एका पक्षात आणि दीर दुसऱ्या. जुलै २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत असताना, त्या केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या.

या कारकिर्दीला 'बाहुली' हा शब्द लागू पडत नाही. घरानं दार उघडलं हे खरं. पण घराच्या पक्षानं दार लावलं तेव्हा त्यांनी दुसरं दार ठोठावलं. आडनाव मात्र बरोबर गेलं. दोन्ही पक्षांना तेच आडनाव हवं होतं.

आता पुढचं पाहा. लासलगाव, पिंपळगावच्या कांद्याच्या बाजारपेठा याच मतदारसंघात येतात. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. ती उठली ४ मे २०२४ ला, दिंडोरीच्या मतदानाला जेमतेम पंधरवडा उरला असताना. कांद्याची लागवड, खुरपणी, काढणी, निवड या सगळ्यात वाकतात त्या बाया. भाव पडला की सगळ्यात आधी कापली जाते ती त्यांची मजुरी. निर्यातबंदीचा निर्णय आरोग्य खात्याच्या राज्यमंत्र्यांनी घेतला नव्हता. पण मतदारसंघाचा राग त्यांनीच झेलला. एका शाळाशिक्षकानं, भास्कर भगरे यांनी, त्यांना लाखाहून अधिक मतांनी हरवलं. सत्तेत जागा मिळणं वेगळं आणि निर्णयात वाटा मिळणं वेगळं, हे आपण शिबिरांतून सांगत आलो. इथे ते केंद्रीय मंत्रिपदापर्यंत पोचलेल्या बाईच्या बाबतीतही दिसलं. आणि मतदारांनी मत देताना नातं पाहिलं नाही, कांदा पाहिला. त्यांच्या शहाणपणाला आम्ही दाद देतो.

मग मावशीचा प्रश्न. घर लागतं, पण ते नेमकं कशासाठी? निवडणुकीला पैसा लागतो, गाडी लागते, रात्री-अपरात्री बाहेर राहायची मुभा लागते, मुलांना सांभाळणारं माणूस लागतं, पोलीस ठाण्यात फोन उचलला जावा लागतो. नेत्याच्या घरात हे सगळं आयतं असतं. पण याहून मोठी गोष्ट आहे सातत्य, आणि तिच्याकडे आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही.

महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत स्त्रियांना आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा दिल्या. पण राखीव जागा निवडणुकीगणिक फिरते. वस्तीतली एखादी बाई राखीव वॉर्डातून येते. पहिली दोन वर्षं कागद समजून घेण्यात जातात. तिसऱ्या वर्षी ती अधिकाऱ्याला उलटा प्रश्न विचारायला लागते. पाचव्या वर्षी वॉर्ड खुला होतो, तिकीट पुरुषाला जातं आणि ती पुन्हा घरी. तिचं शिकलेलं सगळं वाया. नेत्याच्या घरातल्या बाईचं तसं होत नाही. एक वॉर्ड गेला तर घर तिला दुसरा शोधून देतं, नाहीतर तिची जागा जाऊबाई घेते. आरक्षण फिरतं, घराणं फिरत नाही. म्हणूनच तीस वर्षांत लाखो बाया ग्रामपंचायतींतून येऊन गेल्या, तरी विधानसभेच्या पायरीवर त्यांतल्या फार थोड्या दिसतात.

आता आमच्या एका चुकीबद्दल. काही वर्षांपूर्वी आपल्या गटातल्या एका कार्यकर्तीनं तिकीट मागितलं. दहा वर्षं तिनं रेशनच्या रांगा, नळाचं पाणी, मारझोडीच्या केसेस हे सगळं केलं होतं. पक्षानं तिकीट दिलं ते स्थानिक नेत्याच्या भावजयीला, जिला वॉर्डात कुणी पाहिलंही नव्हतं. आम्ही चिडलो. प्रचारात तिला 'मुकी बाहुली' म्हणालो. ती निवडून आली. तीन महिन्यांनी एका दुपारी ती एकटीच, रिक्षानं, आमच्या ऑफिसात आली आणि म्हणाली, "ताई, बजेट कसं वाचायचं ते शिकवाल का? घरी विचारलं तर हसतात."

आम्ही शिकवलं. तिनं दोन बालवाड्यांची दुरुस्ती भांडून मंजूर करून घेतली, संडासांना दारं बसवली. पण वस्तीतल्या गटाराच्या निकृष्ट कामाचा विषय आला तेव्हा ती गप्प बसली. कंत्राट तिच्या दिराच्या माणसाचं होतं. नंतर भेटली तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मला त्याच घरात राहायचं आहे ना."

तिच्या या वाक्यात आपल्याला मोजपट्टी सापडली. बाई कुणाची सून आहे यावरून काही ठरत नाही. बाहेर ती किती बोलते यावरूनही नाही. घराचे हितसंबंध आणि बायांचे हितसंबंध समोरासमोर येतात त्या दिवशी ती कुठे उभी राहते आणि त्या दिवशी तिच्या पाठीशी कोण असतं, हे पाहायला हवं. त्या दिवशी तिच्या पाठीशी आम्ही नव्हतो. ती 'त्यांची' म्हणून आम्ही तिला आधीच सोडून दिलं होतं.

पाठीशी फक्त घर असलेल्या बाईचं काय होतं, याचा एक धडा आफ्रिकेतला आहे. झिंबाब्वे १९८० साली स्वतंत्र झाला. रॉबर्ट मुगाबे तेव्हापासून ३७ वर्षं सत्तेवर राहिले. त्यांच्या पत्नी ग्रेस २०१४ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या महिला आघाडीच्या प्रमुख झाल्या. त्यांना वाट करून द्यायला आधीच्या अध्यक्षा बाजूला झाल्या. त्यानंतर ग्रेस यांनी सभांमधून पहिला हल्ला चढवला तो उपाध्यक्ष जॉइस मुजुरू यांच्यावर. मुजुरू या स्वातंत्र्ययुद्धात बंदूक घेऊन लढलेल्या. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांचं पद गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये दुसरे उपाध्यक्षही हटवले गेले आणि ती जागा आता ग्रेस घेणार असं दिसू लागताच सैन्य रस्त्यावर आलं. २१ नोव्हेंबरला मुगाबेंनी राजीनामा दिला. त्याच्या दोन दिवस आधी पक्षानं ग्रेस यांची हकालपट्टी केली होती. जी आघाडी झिंबाब्वेतल्या शेतमजूर, विधवा, बाजारात बसणाऱ्या बायांचा आवाज व्हायला हवी होती, तिची एका घरासाठी शिडी झाली. घर कोसळलं तेव्हा शिडीही गेली. आपल्याकडच्या पक्षांच्या महिला आघाड्यांमधल्या मैत्रिणींनी यावर जरूर विचार करावा.

हे सगळं आज लिहायचं कारण दारात उभं आहे. लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारं विधेयक पहिल्यांदा सप्टेंबर १९९६ मध्ये मांडलं गेलं. सत्तावीस वर्षं ते फाडलं, अडवलं, लांबवलं गेलं. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली. पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधली गेली. आजच्या २८८ च्या हिशेबानं विधानसभेत ९६ जागा होतील. या ९६ बाया कोण असतील? आपण हातावर हात ठेवून बसलो तर पक्षांचं उत्तर तयार आहे. ज्या आमदाराचा मतदारसंघ राखीव होईल, त्याच्या घरातली बाई पाच वर्षं ती जागा राखेल. गावपातळीवर आपण हे पाहिलंच आहे. 'सरपंचपती' हा प्रकार इतका बोकाळला की २०२३ मध्ये केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाला त्यावर समिती नेमावी लागली.

हे असंच व्हायला हवं असं मात्र नाही, आणि त्याची साक्ष आपल्याच मातीत आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये आपल्या जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. लाखोंच्या संख्येनं बाया आल्या. त्यांतल्या बहुतेकींच्या घरात कुणी आमदार नव्हता. बायांनी निवडणुका लढवायच्या हा विचार तिथे रुजला. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला सगळ्याच्या सगळ्या बायांची ग्रामपंचायत निवडून आली. तेव्हा ७३ वी घटनादुरुस्ती व्हायची होती. घराची जागा संघटनेनं घेतली होती.

मावशीला द्यायचं उत्तर हेच आहे. ज्यांना घर नाही त्यांना संघटना हवी, आणि घर जे देतं ते संघटनेनं द्यायला हवं. म्हणून काही कामं आत्ताच हाती घेऊ या.

पहिलं, पद गेलेल्या बायांना शोधू या. आपापल्या तालुक्यातल्या माजी सरपंच, माजी सदस्य, माजी नगरसेविका यांची यादी करायची, त्यांना वर्षातून दोनदा एकत्र आणायचं आणि खुल्या जागांवरही त्यांचीच नावं पुढे करायची. दुसरं, ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती कागदावर उरकू द्यायची नाही, आणि तिथे बाईऐवजी नवरा बोलायला उठला तर त्याला खाली बसवायचं. तिसरं, निवडणूक निधी. भिशी आणि बचत गट चालवणाऱ्या आपल्याला गटाच्या कर्जाच्या पैशाला हात न लावता वेगळी वर्गणी काढणं अवघड नाही. चौथं, उमेदवार महिलांना, मग त्या कुणाच्याही लेकी-सुना असोत, जाहीर सभेत विचारायचं, "घरच्या माणसाच्या विरोधात मत द्यायची वेळ आली तर काय कराल?" आणि पाचवं, नेत्याच्या घरातली बाई एकटी रिक्षानं आपल्या दारात आली तर तिला बसायला खुर्ची द्यायची. त्या घरात तिला एकटीलाच परत जायचं असतं, हे विसरायचं नाही.

पुढच्या शिबिरात फळ्यावर पुन्हा नावं लिहिणार आहोत. या वेळी खासदारांची नाहीत. तुमच्या तालुक्यातल्या अशा बायांची, ज्यांच्या नावापुढे नातं लिहिता येत नाही, फक्त काम लिहिता येतं. तुमच्या भागातली दोन-तीन नावं, त्यांनी केलेल्या कामासह आणि त्यांच्या संमतीनं, आम्हाला पत्रानं कळवा. मावशीचं नाव आम्ही पहिल्या ओळीत लिहून ठेवलं आहे.