नवसाचा बोकड आणि आमची मिस्सा

१९३९ साली वाशिम येथे एक ताम्रपट उजेडात आला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून, दिलेले ते दानपत्र आहे. दान एका गावाचे. पण त्याआधी राजा आपले आजोबा पहिले प्रवरसेन यांचे यज्ञ सांगून घेतो. अग्निष्टोम, वाजपेय, आणि एक नव्हे, चार अश्वमेध! ज्याचे यज्ञ अधिक, तो राजा मोठा, असा तो हिशेब होता.

राजे गेले, हिशेब मात्र राहिला. वऱ्हाडातला गरीब माणूस अश्वमेध करू शकत नव्हता. तो कर्ज काढून देवीला बोकड कबूल करीत असे. या नवसांवर गाडगेबाबांनी आयुष्यभर कोरडे ओढले. मुके जनावर मागणारा देव देव कसा, हा त्यांचा प्रश्न. १९५६ साली अमरावतीजवळ बाबांनी देह ठेवला. त्यांच्या कीर्तनाच्या आठवणी ऐकताना आम्ही कॅथलिक मंडळी समाधानाने मान डोलावतो. आमच्यात बोकड नाही ना!

खरेच नाही काय? मुलाला नोकरी लागावी म्हणून मिस्सा ठेवायची, नोकरी लागली नाही तर ‘इतक्या मिस्सा सांगूनही काही उपयोग झाला नाही’ म्हणून कुरकुरायचे. मृत आईसाठी शेजाऱ्यांनी किती मिस्सा ठेवल्या ते मोजून आपण दोन अधिक ठेवायच्या. बोकडाच्या जागी पाकीट आले, एवढाच फरक. वेदीवर देवाला काही चारून त्याचे मन वळवायचे, ही समजूत जशीच्या तशी राहिली.

ही गोष्ट किरकोळ नाही. वाशिमकडे आपली कुटुंबे थोडी आणि शेजार बहुधा नाझरीन मंडळीचा. १९३८ साली सुरू झालेल्या त्यांच्या रेनॉल्ड्स मेमोरियल इस्पितळामुळे तिकडे ख्रिस्ती म्हटले की लोकांना तीच मंडळी आठवते. त्यांच्यातला एखादा सोयरा सरळ विचारतो, ‘ख्रिस्ताने एकदाच बलिदान केले, मग तुमचे फादर रोज ते पुन्हा का करतात?’ प्रश्न उद्धट नाही. इब्री लोकांस पत्र वाचलेल्या माणसाचा आहे. बैलांच्या आणि बोकडांच्या रक्ताने पाप जात नाही, आणि आपला महायाजक एकदाच, कायमचे अर्पण करून गेला, हे त्या पत्राचे म्हणणे आपलेही आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५६२ साली उत्तर देऊन ठेवले: अर्पण होणारा तोच, अर्पण करणारा तोच, फक्त अर्पणाची रीत निराळी. मिस्सा दुसरे बलिदान नव्हे. कालवारीवरचे ते एकच बलिदान वेदीवर आपल्यासमोर येते. पण मिस्सांची मोजदाद करणाऱ्या कुटुंबाने हे उत्तर कोणत्या तोंडाने द्यावे? मोजता येते ते ‘एकदाच’ कसे?

घोटाळ्याचे मूळ, आमच्या मते, एका शब्दात आहे. मराठीत ‘प्रायश्चित्त’ म्हटले की ते अपराध्याने घ्यायचे असते. दंड भरायचा, उपास करायचे, दान द्यायचे आणि शुद्ध व्हायचे. तोच शब्द आपण ख्रिस्ताच्या मरणाला लावतो आणि नकळत चित्र उभे राहते ते असे की पिता रागावला होता, कुणाला तरी मारल्याशिवाय त्याचा राग शमेना, म्हणून पुत्राने मार खाल्ला. उपवासकाळातली कित्येक प्रवचने याच चित्रावर उभी असतात, हे खेदाने लिहावे लागते. संत पौल रोमकरांस काय लिहितो ते पाहावे. ख्रिस्ताला प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवले ते देवाने. त्या वाक्याचा कर्ता देव आहे! रुसलेला देव आणि त्याची समजूत काढणारा माणूस, हा नवसाचा क्रम तिथे उलटा होतो. समजूत आपली काढावी लागली. ट्रेंटने मिस्सेला पापक्षालनाचे अर्पण म्हटले ते याच अर्थाने. लाच म्हणून नव्हे.

मग धर्मगुरू कोण? नव्या करारात ‘याजक’ हा शब्द मंडळीच्या वडिलांना लावलेला नाही. तो ख्रिस्ताला आणि सबंध देवप्रजेला लावला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली दोन्ही बाजू राखल्या: धर्मगुरूंचे याजकपण निराळ्या प्रकारचे खरे, पण भाविकांचेही याजकपण खरेच, आणि दोन्ही ख्रिस्ताच्याच याजकपणाचे वाटे. म्हणजे मिस्सा फादरांकडून ‘करून घेण्याची’ वस्तू नव्हे. शेतात राबून आलेली बाई मागच्या बाकावर बसून आपला आठवडा त्या भाकरीबरोबर अर्पण करते, तेव्हा तीही याजक असते. पैसे देऊन घरी बसलेला यजमान मात्र यजमानच राहतो.

आणि पैशाचे म्हणाल तर १९८३ची धर्मसभेची कायदासंहिता स्पष्ट आहे. मिस्सेच्या देणगीत व्यापाराचा आभासही नको. गरजूंसाठी धर्मगुरूंनी देणगीवाचूनही मिस्सा अर्पण करावी. दारिद्र्यामुळे कोणी संस्कारांना मुकू नये. ही तीन कलमे देवळाच्या फलकावर किती ठिकाणी लावली आहेत? फी असल्यासारखे दर मात्र तोंडपाठ असतात. येत्या रविवारी आपल्या धर्मग्रामाच्या सभेत हा विषय काढावा आणि ती कलमे मराठीत, मोठ्या अक्षरांत, देणगीपेटीच्या वर लावून मागावीत.