बोंडू कुजवायचा किती वर्षं?

एप्रिल महिन्यात सिंधुदुर्गातल्या कुठल्याही काजूबागेत जा, आंबूस वास नाकात बसतो. बी पिळून काढलेली लाल-पिवळी बोंडं झाडाखाली पडलेली असतात, त्यांवर माश्या घोंघावत असतात. कामाला आलेल्या गड्याला सगळीकडे एकच सांगणं असतं, "बी काड, बोंडू थंयच उडय." पेंडूरच्या बाजूला माझी बाग आहे, तिथंही हेच चालतं. बीच्या सहा-सात पट वजनाचं, रसानं भरलेलं फळ आपण मातीत घालतो आणि मग बीचा दर पडला म्हणून कपाळाला हात लावून बसतो.

बांद्याहून पुढं गोव्यात गेलं की याच बोंडवाचं सोनं होतं. पेडणे, सत्तरी भागात हंगामात भट्ट्या पेटतात. बोंडं तुडवून चोथ्याचा ढीग दोरानं घट्ट आवळतात, वर जड दगड ठेवतात. रात्रभर थेंब थेंब उतरतो तो नीरो. बाकीचा रस दोन-तीन दिवस आपसूक आंबतो, बाहेरून काही घालावं लागत नाही. पहिल्या धारेला हुर्राक मिळतं, ते हंगामातच प्यायचं. पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. गोव्याच्या या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय म्हणून मान दिला. जमीन तीच, झाड तेच, पाऊसही तोच. मध्ये फक्त इन्सुलीचा तपासणी नाका आहे.

असंच सोनं मी स्कॉटलंडातही पाहिलं. माझी मुलगी ग्लासगोला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा बोटीनं आयला बेटावर जाऊन आलो. वस्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास, वारा अंगाला झोंबणारा, झाडं तुरळक. आणि एवढ्याशा बेटावर नऊ-दहा व्हिस्कीच्या भट्ट्या. पोर्ट एलन गावातून निघालेल्या पायवाटेवर लॅफ्रॉइग, लागावुलिन, आर्डबेग अशा तीन भट्ट्या ओळीनं लागतात. लोक चालत चालत त्या बघतात. जळणाऱ्या पीटचा, म्हणजे तिथल्या दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचा धूर बार्लीला कसा देतात, ते आत नेऊन दाखवतात. गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याचं मद्य छोट्या बाटलीत भरून देतात, घरी जाऊन प्या म्हणतात. किलहोमन ही भट्टी तर शेतातच आहे. मालकाच्या शेतातली बार्ली, तिथंच भिजवलेली, तिथंच गाळलेली. 2005 मध्ये सुरू झालेलं हे ठिकाण पाहताना मला सारखी माझी बाग दिसत होती.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातही एके काळी चोरून दारू गाळण्याचा सुळसुळाट होता. 1823 च्या कायद्यानं दहा पौंड परवाना शुल्क आणि माफक कर ठेवला, तेव्हा झाडीत लपलेल्या भट्ट्या हळूहळू उजेडात आल्या. सरकारला महसूल मिळू लागला, गाळणाऱ्याला नाव मिळालं. ही गोष्ट आपल्या उत्पादन शुल्क खात्यानं नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

आपल्या राज्याला हे जमत नाही असंही नाही. 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं आणि नाशिकभोवती वायनरी उभ्या राहिल्या. आज लोक गाड्या काढून तिथं जातात, मुक्काम करतात. मग काजूला वेगळा न्याय का? काही वर्षांपूर्वी राज्य सरकारनं काजूबोंडं आणि मोहफुलांपासूनच्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचं ठरवलं, त्याचं मी स्वागत केलं होतं. पण दोन-तीन एकरवाल्या बागायतदाराला पेलेल अशी भट्टी अजून माझ्या आसपास तरी उभी राहिलेली नाही. मोठा कारखाना आला तर तो बोंडं पडेल भावानं उचलेल. आणि बोंडू वाट बघत नाही, दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं. त्याची भट्टी बागेजवळच हवी.

गावातल्या बायका याला विरोध करतील आणि त्यांचं भय खरं आहे. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं मी वाडीवाडीत पाहिली आहेत. त्यांना मी एवढंच विचारतो, आज गावात दारू नाही का? आहे, तीही रात्री सीमेपलीकडून येणारी, कसली आहे ते कुणाला ठाऊक नसलेली. परवान्याच्या भट्टीत मोजमाप होतं, नोंद राहते, तपासणी होते. माझं म्हणणं असं की या भट्टीचा माल गावच्या गुत्त्यावर जाऊच नये. भरपूर किंमत लावून, बाटलीबंद करून तो पाहुण्यांना विकावा आणि परवाना देताना ग्रामसभेतल्या बायकांची संमती सक्तीची करावी. ज्या गावाला नको असेल त्या गावात भट्टी नको.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 सारख्या जाती दिल्या, वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं बीसाठी झालं. आता बोंडवाकडे बघा. मालवणचा किल्ला, तारकर्लीचं पाणी बघायला आलेला पर्यटक संध्याकाळी एखाद्या बागेत थांबेल, नीरो चाखेल, भट्टी बघेल, सोलकढी-भाकरी खाऊन जाईल. त्यातून घरच्या पोराला मुंबईला जायचं कारण उरणार नाही.

पालकमंत्री आणि जिल्ह्यातल्या आमदारांना माझी विनंती आहे: पुढच्या फेब्रुवारीत बोंडं पिकायला लागायच्या आत दोडामार्ग, सावंतवाडी आणि मालवण तालुक्यांत प्रत्येकी निदान एका बागायतदार गटाला छोट्या भट्टीचा परवाना द्या. जागा हवी असेल तर माझी बाग आहे.