बाळाची लस : महाग की वेळेवर?

‘डॉक्टर, सरकारी लसीने ताप येतो म्हणे. बाहेरची बिनदुखीची घेऊ का? पण पगार झाल्यावर.’ दीड महिन्याच्या लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या आयांचा हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. माझे उत्तर ठरलेले आहे : पगाराची वाट पाहू नका, जवळच्या केंद्रावर जाऊन बाळाला लस टोचून घ्या.

महापालिकेच्या दवाखान्यात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात ६, १० व १४ आठवड्यांना मिळणारी पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब जंतूंमुळे होणारे न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून बाळाला वाचवते. पोलिओ, रोटाव्हायरस व न्यूमोकोकलच्या लसीही तेथे मोफत आहेत. खासगीतील ‘बिनदुखीच्या’ लसीत डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक अंशच असतात, म्हणून ताप व सूज कमी येते. मात्र या खोकल्यापासून तिचे संरक्षण तुलनेने लवकर ओसरते. ऐपत असेल तर ती जरूर घ्यावी. पण फुकटची म्हणजे हलकी, हा समज सोडावा.

उशिराची किंमत आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडीबरोबर मालेगावातही गोवराची साथ आली. लस न घेतलेली वा डोस अर्धवट राहिलेली मुले त्यात मोठ्या संख्येने होती. म्हणून गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण होताच आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यावाच.

आता तापाविषयी. टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबा. अंग तापणे, मांडी सुजणे, किरकिर हे बहुधा दोन दिवसांत थांबते. अंगावर पाजत राहा, कपडे सैल घाला, सुजेवर गार पाण्याची घडी ठेवा. मांडी चोळू नका. हळद, बाम काही लावू नका. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते आणि थेंबांचे औषध सिरपपेक्षा तीव्र असते. किती द्यायचे ते सिस्टरकडून कार्डावर लिहून घ्या. ॲस्पिरिन कदापि नको. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन व्रण राहतो, त्याला मलम लावू नये. गोवराच्या लसीनंतर आठवडा-दीड आठवड्याने थोडा ताप व पुरळ येऊ शकते.

झटका, धाप, अंगावर गांधी, तीन तासांहून अधिक अखंड रडणे, सतत उलट्या, शौचातून रक्त, बाळ मलूल होऊन दूध न ओढणे, यांपैकी काही दिसले तर मात्र तत्काळ डॉक्टर गाठा आणि पुढच्या डोसाआधी ते आवर्जून सांगा.

साधा ताप हे पुढची लस चुकवण्याचे कारण नव्हे. एखादी तारीख हुकली असेल तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस घ्यायचा. आज घरातले लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. एका रात्रीच्या जागरणाला भिऊन बाळाला महिनोन्‌महिने उघडे ठेवण्यात शहाणपण नाही.